अकुतागावा वाचायचा कसा? तात्पर्य पुसून टाकणाऱ्या एका जपानी लेखकाबद्दल

प्रश्न असा होता: "कुरोसावाचा राशोमोन सिनेमा बघितला, प्रचंड आवडला, मग कळलं की तो अकुतागावा नावाच्या लेखकाच्या कथांवर आहे. हा माणूस कोण, सिनेमात त्याचं नेमकं किती आहे, वाचायला सुरुवात कुठून करू? आणि तो पस्तिसाव्या वर्षी स्वतःहून गेला म्हणून त्याचं एवढं नाव झालं का?"

मी पुण्यात वीसेक वर्षं जपानी शिकवते आणि जमेल तसं जपानीतून मराठीत भाषांतर करते, त्यातला बराच वेळ या एका लेखकावरच गेलाय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

आधी सिनेमाचं क्लिअर करू कारण तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. 'राशोमोन' नावाची कथा वेगळी आणि सिनेमातली खुनाची गोष्ट वेगळी. राशोमोन कथा 1915 ची. त्यात जंगल नाही, सामुराई नाही, खटला नाही, आहे ती फक्त क्योतोची पडझड झालेली वेस, पाऊस, एक नोकर आणि एक म्हातारी. खुनाची गोष्ट आहे 'याबु नो नाका' मध्ये, जानेवारी 1922 ची कथा. दिग्दर्शक कुरोसावा आणि हाशिमोतो शिनोबु यांनी पटकथा लिहिताना गोष्ट 'याबु नो नाका' मधून घेतली, आणि वेस, पाऊस आणि नाव 'राशोमोन' मधून. शेवटी जे टाकलेलं बाळ सापडतं आणि लाकूडतोड्या त्याला घरी घेऊन जातो ते अकुतागावाचं नाही. लाकूडतोड्या दुसऱ्यांदा बोलतो आणि म्हणतो की मी सगळं पाहिलं होतं, तेही सिनेमातलंच. सिनेमा 1950 चा, 1951 मध्ये व्हेनिसला गोल्डन लायन मिळालं आणि मग जगभर नाव झालं, पण तोपर्यंत लेखकाला जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

मी हे तपशील एवढे का सांगतेय तर त्या बाळावर सगळं अडलंय. सिनेमा शेवटी आपल्याला धीर देतो, पाऊस थांबतो, माणसावर विश्वास ठेवायला जागा आहे असं म्हणतो. अकुतागावा असा धीर देत नाही. आणि त्याच्या बहुतेक सगळ्या गाजलेल्या कथांमध्ये तो एकच काम करत असतो असं माझं मत झालंय: जुनी गोष्ट घ्यायची आणि तिचं तात्पर्य पुसून टाकायचं. आपण लहानपणी इसापनीती वाचली, प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरात 'तात्पर्य' असायचं ना, तसं जपानी जुन्या गोष्टींनाही असायचं. बाराव्या शतकाच्या सुमारास 'कोन्जाकु मोनोगातारी' नावाचा कथांचा प्रचंड मोठा संग्रह तयार झाला, हजाराच्या वर गोष्टी, त्यात भारतातल्या, चीनमधल्या, जपानमधल्या असे भागच आहेत, आणि गोष्ट संपली की बहुतेक वेळा एक शेरा येतो, यावरून काय शिकायचं त्याचा. अकुतागावाने अशा संग्रहांतून कितीतरी गोष्टी उचलल्या आणि तो शेरा काढून टाकला.

'याबु नो नाका' ची मूळ गोष्ट बघा. एक माणूस बायकोला घेऊन ताम्बाला चाललाय, वाटेत एक तरुण भेटतो, त्याच्याकडे छान तलवार असते, हा भुलतो आणि आपलं धनुष्य त्याला देऊन तलवार घेतो. पुढे तो तरुण बाणच रोखतो, नवऱ्याला झाडाला बांधतो, बायकोवर जबरदस्ती करतो आणि निघून जातो. बायको नवऱ्याला सोडवते आणि म्हणते तुमच्यात काही दम नाही. मग शेरा: अनोळखी माणसाच्या हातात धनुष्यबाण देणारा हा नवरा मूर्ख. संपलं. कुणी मरत नाही, कुणी खोटं बोलत नाही.

अकुतागावाने यात एक प्रेत टाकलं. आणि गोष्ट सांगणारा काढून टाकला. उरल्या सात जबान्या: लाकूडतोड्या, प्रवासी भिक्षू, दरोडेखोराला पकडणारा शिपाई, बाईची म्हातारी आई, मग दरोडेखोर ताजोमारू, मग कियोमिझु देवळात बाईने दिलेली कबुली, आणि शेवटी अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून बोलणारा मेलेला नवरा. इथे एक गोष्ट पहिल्या वाचनात निसटते. आपण म्हणतो 'प्रत्येकजण आपल्या सोयीचं सांगतो', राशोमोन इफेक्ट वगैरे. पण सोयीचं म्हणजे काय? खून झाला की माणूस म्हणेल मी नाही केला. इथे तिघेही म्हणतात मीच केला! ताजोमारू म्हणतो मी मारलं, समोरासमोर लढून, तेविसाव्या वाराला. बाई म्हणते मी मारलं, माझ्या छोट्या सुरीने, नंतर स्वतःला मारायला गेले पण जमलं नाही. नवरा म्हणतो मी स्वतःच स्वतःला संपवलं. फाशी चुकवायला कुणीच खोटं बोलत नाहीये. स्वतःबद्दलचं जे चित्र मनात आहे ते वाचवायला बोलतायत, आणि त्यासाठी खुनाचा आळही चालेल. हे मला आजही भयंकर वाटतं, वर्गात दरवर्षी शिकवते तरी.

आणि अजून एक. न्यायाधिकारी कथेत कुठेच बोलत नाही. त्याचे प्रश्न फक्त उत्तरांतून ऐकू येतात, म्हणजे लाकूडतोड्या मध्येच म्हणतो, तलवार वगैरे काही दिसलं का? नाही, काहीच नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्याची खुर्ची रिकामी आहे, तिथे वाचक जाऊन बसतो, निकाल आपल्याला द्यायचा असतो आणि देता येत नाही. जपानीत आता 'याबु नो नाका' हा वाक्प्रचारच झालाय, एखाद्या प्रकरणातलं खरं-खोटं कधीच कळणार नाही असं म्हणायचं असलं की पेपरवालेही तो वापरतात.

भाषांतराचं सांगायचं तर याबु म्हणजे दाट झुडपं, वेळू वगैरे गच्च वाढलेली जागा. मी आधी 'बांबूच्या बनात' केलं होतं, ते फार गोड वाटायला लागलं, बन म्हटलं की आपल्याला वारा आणि केतकी आठवते. शेवटी 'जाळीत' वर थांबले. करवंदीच्या जाळीत वाघ बसलाय म्हणतो ती जाळी. आत काय आहे ते दिसत नाही हा अर्थ त्या शब्दातच आहे, आणि त्यात अडकणंही आहे.

खरी परीक्षा आवाजांची. जपानीत 'मी' साठी अनेक शब्द आहेत, आणि नुसत्या क्रियापदाच्या शेवटावरून कळतं कोण कुणाशी बोलतंय. लाकूडतोड्या पार वाकून बोलतो, प्रत्येक वाक्याला हुजूर असल्यासारखं. नवऱ्याचं भूत 'ओरे' वापरतं, म्हणजे कुणापुढे वाकायचं नसलेल्या पुरुषाचा 'मी', मेल्यावर कुणाची भीडभाड. मराठीत 'मी' एकच. मग मी लाकूडतोड्याला 'जी सरकार' दिलं, म्हातारीला थोडी घरगुती बोली दिली, भूताला तोडकी वाक्यं दिली. एक गोष्ट मात्र आयती मिळाली. भूत शेवटी म्हणतं की मी कायमचा 'चूउ' च्या अंधारात बुडालो. हा चूउ म्हणजे बौद्ध परंपरेतला मरण आणि पुढचा जन्म यांच्या मधला काळ, संस्कृतात त्याला अंतराभव म्हणतात. इंग्रजी भाषांतरकाराला इथे तळटीप नाहीतर कसरत लागते, आपल्याकडे शब्दाचं मूळच घरचं आहे.

आता माणूस. अकुतागावा र्यूनोसुके, जपानी पद्धतीने आडनाव आधी. जन्म 1 मार्च 1892, तोक्यो. ड्रॅगनचं वर्ष, ड्रॅगनचा दिवस, ड्रॅगनची वेळ, म्हणून नावात 'र्यू', म्हणजे ड्रॅगन. वडील नीहारा, दुधाचा धंदा. जन्मानंतर आठेक महिन्यांत आईचं मानसिक संतुलन गेलं आणि बाळाला आईच्या माहेरी, अकुतागावांकडे पाठवलं, पुढे मामाने दत्तक घेतलं आणि आडनाव बदललं. लग्न न झालेल्या एका मावशीने वाढवलं. आई 1902 ला गेली, हा दहा वर्षांचा.

या आईबद्दल त्याने जवळजवळ आयुष्यभर लिहिलं नाही. लिहिलं ते 1926 मध्ये, 'तेनकीबो' नावाच्या छोट्याशा लेखनात, आणि पहिलंच वाक्य असं की माझी आई वेडी होती. पुढे सांगतो की ती केस कंगव्याने वर खोचून एकटी बसून लांब नळीची चिलीम ओढायची, एकदा तो आणि दत्तक आई वर जाऊन नमस्कार करायला गेले तर तिने चिलीमच डोक्यात मारली. पण एरवी शांत असायची, मुलांनी हट्ट केला तर कागदाच्या घड्या घालून चित्रं काढून द्यायची, आणि चित्रातल्या सगळ्या माणसांची तोंडं कोल्ह्याची असायची. बास, एवढंच. तिचं प्रेम मिळालं नाही म्हणून तो रडत नाही, माफही करत नाही, ती कोल्ह्याची तोंडं तेवढी ठेवून देतो. मी हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते.

अभ्यासात हुशार, तोक्यो इम्पीरियल युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्य, इंग्रज कवी विल्यम मॉरिसवर प्रबंध. विद्यार्थी असतानाच राशोमोन छापून आली आणि कुणी फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते फेब्रुवारी 1916 मध्ये 'हाना' म्हणजे 'नाक' आली तेव्हा. मित्रांनी मिळून काढलेल्या छोट्या मासिकातली कथा, आणि ती वाचून खुद्द नात्सुमे सोसेकींनी पत्र लिहिलं. सोसेकी म्हणजे त्या काळातले सगळ्यात मोठे लेखक, जपानच्या हजार येनच्या नोटेवर पुढे त्यांचा चेहरा आला इतके मोठे. त्यांनी तेवीस वर्षांच्या पोराला लिहिलं की अशा आणखी वीस-तीस लिहा, साहित्यात तुमच्यासारखा दुसरा नसेल. त्याच डिसेंबरमध्ये सोसेकी गेले. म्हणजे हे पत्र काही महिने उशिरा राहिलं असतं तर आलंच नसतं.

'नाक' ची गोष्ट एका मोठ्या मठातल्या वयस्कर भिक्षूची. नाक पाच-सहा इंच लांब, हनुवटीखाली लोंबणारं, जेवताना समोर एक शिष्य फळीने ते उचलून धरतो तेव्हा घास तोंडात जातो. उपाय करून, म्हणजे नाक गरम पाण्यात उकळून आणि पायाने तुडवून, ते आखूड होतं. आणि मग लोक जास्तच हसायला लागतात! दुसऱ्याच्या दुःखाची आपल्याला कणव येते, पण तो त्यातून सुटला की आपलं काहीतरी हरवल्यासारखं होतं, तो परत त्याच खड्ड्यात पडावा असं हळूच वाटायला लागतं, हे अकुतागावाने तिथे सरळ लिहून ठेवलंय. शेवटी एका सकाळी नाक परत लांब होतं आणि भिक्षूला हायसं वाटतं, आता कुणी हसणार नाही. हसतील का? ते सांगितलेलं नाही.

मग 1916 ते 1919 योकोसुकाच्या नेव्हीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजीची मास्तरकी, मधे 1918 ला फुमीशी लग्न, मग ओसाका माइनिचि वर्तमानपत्राची नोकरी, तीही अशी की ऑफिसला जायचं नाही, फक्त लिहायचं. 1921 ला पेपरने त्याला चीनला पाठवलं, शांघायला पोचताच आजारी पडून हॉस्पिटलात, तब्येत तिथून घसरली ती नीट झालीच नाही. त्याच वर्षी चिनी लेखक लू शुनने 'नाक' आणि 'राशोमोन' चिनी भाषेत नेल्या, ही भाषांतरं मला चिनी येत नसतानाही समोर ठेवून बघायला आवडतात. एक प्रचंड लेखक दुसऱ्याला वाचतोय.

गोव्याशीही एक धागा आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. फ्रान्सिस झेवियर 1549 ला जपानला गेले ते गोव्याकडून, आणि त्यांच्याबरोबर आन्जिरो नावाचा जपानी माणूस होता ज्याचा बाप्तिस्मा 1548 मध्ये गोव्यात झाला होता. अकुतागावाला या किरिश्तान काळाचं, म्हणजे जपानातल्या पहिल्या ख्रिश्चनांच्या काळाचं भयंकर वेड. 1916 च्या 'ताबाको तो आकुमा' या कथेत सैतान झेवियरच्या मंडळींतल्या एका ब्रदरचं रूप घेऊन जहाजातून जपानला येतो, पण तिथे अजून ख्रिश्चनच नाहीत तर फसवायचं कुणाला, म्हणून रिकामपणी शेत नांगरून तंबाखू लावतो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये झेवियरची ती चांदीची पेटी बघताना मला हटकून हीच कथा आठवते. शब्दसुद्धा बघा, जपानीत ताबाको, आपल्याकडे तंबाखू, जपानीत ब्रेडला पान म्हणतात आणि आपण पाव, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची पोरं. याच काळावरच्या आणखी एका कथेत त्याने खोट्या जुन्या ग्रंथाचा हवाला दिला, नागासाकीत छापलेलं पुस्तक माझ्याकडे आहे म्हणून, आणि जुन्या पुस्तकांचे जाणकार ते पुस्तक बघायला मागायला लागले. इतकी हुबेहूब जुनी भाषा लिहायचा.

'जिगोकुहेन', म्हणजे नरकाचं चित्र, 1918 ची. ही शेवटाकडे वाचा, आधी नको. जुन्या गोष्टीत चित्रकार योशिहिदेचं घर जळतं आणि तो समोर उभा राहून समाधानाने बघतो, कारण आत्तापर्यंत अचलदेव या बौद्ध देवतेच्या पाठीमागच्या ज्वाळा चुकीच्या काढत होतो, आता कळलं. अकुतागावाने घर काढलं, गाडी आणली आणि गाडीत त्या चित्रकाराची मुलगी बसवली. आणि हे सगळं सांगतोय कोण, तर ज्या सरदाराने ती गाडी पेटवायला लावली त्याचाच एक इमानी नोकर, जो पुन्हा पुन्हा सांगतो की आमच्या मालकांची त्या मुलीवर वाईट नजर होती ही निव्वळ अफवा आहे. जितक्या वेळा तो नाही म्हणतो तितकं आपल्याला होय ऐकू येतं. नॅरेटरवर विश्वास ठेवू नये हे शिकायचं असेल तर याच्याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

आता शेवटचा प्रश्न, मरणाचा. 24 जुलै 1927, तोक्योतल्या ताबाताच्या घरी. तीन मुलगे, धाकटा दोन वर्षांचा. हा विषय मी वर्गातही जपूनच बोलते, कारण कुणी कुठल्या मनःस्थितीत ऐकतंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि तुमच्यापैकी कुणाला आत्ता तसं जड वाटत असेल तर आधी जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला, अकुतागावा थांबेल.

त्याने मित्राला उद्देशून जे लिहून ठेवलं त्यातले शब्द प्रसिद्ध आहेत: भविष्याबद्दल 'बोन्यारी शिता फुआन', म्हणजे एक पुसट, अंधुकशी धास्ती. लोकांना एवढ्याने समाधान होत नाही, त्यांना तात्पर्य हवं असतं. कुणी म्हणतं आईचा आजार आपल्यालाही होईल ही भीती, कुणी म्हणतं कामगार चळवळीच्या साहित्यापुढे आपण जुने झालो ही भावना, कुणी काही. त्या वर्षी त्याच्यावर काय काय कोसळलं ते मात्र खरं आहे: जानेवारीत बहिणीच्या नवऱ्याचं घर जळालं, विम्यासाठी त्यानेच लावलं असा संशय आला, त्याने रेल्वेखाली जीव दिला, आणि मागे राहिलेली कर्जं आणि माणसं या आजारी, झोप उडालेल्या लेखकाच्या अंगावर आली. तशातही तो लिहीत होता. मार्चमध्ये 'काप्पा' आली, काप्पा म्हणजे जपानी दंतकथांतले पाण्यातले प्राणी, ज्यात जन्माच्या आधी बाप पोटातल्या पोराला विचारतो की तुला या जगात यायचंय का, नीट विचार करून सांग. तानिझाकी या लेखकाबरोबर त्याचा जाहीर वाद चालू होता, कथेत रचना महत्त्वाची की नाही यावर, आणि ज्याच्या गोष्टी घड्याळासारख्या बांधलेल्या असायच्या तोच आता म्हणत होता की गोष्ट नसलेली गोष्ट मला सगळ्यात शुद्ध वाटते. 'हागुरुमा', म्हणजे दातेरी चाकं, या कथेत त्याने लिहिलंय की उजव्या डोळ्यापुढे अर्धपारदर्शक दातेरी चाकं फिरताना दिसतात, वाढत जातात आणि मग डोकं दुखायला लागतं. अनेक वर्षं वाचक याला वेडाची खूण समजले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही अर्धशिशीतली अगदी नेहमीची गोष्ट आहे. ज्याला अर्धशिशी आहे त्याने ते पान वाचावं, इतकं अचूक वर्णन क्वचित वाचायला मिळेल.

तर मरणामुळे नाव झालं का? नाही. जिवंतपणीच तो पहिल्या रांगेत होता. मरणामुळे उलट नुकसान झालं असं मी म्हणेन, कारण लोक प्रत्येक कथेत शेवटाची चाहूल शोधत बसतात आणि 'नाक' मधला मिश्कीलपणा त्यांच्या हातून निसटतो. नाव टिकवलं ते मित्राने, किकुचि कानने, 1935 मध्ये त्याच्या नावाने पुरस्कार सुरू करून. आजही अकुतागावा पुरस्कार वर्षातून दोनदा जाहीर होतो आणि संध्याकाळच्या बातम्यांत येतो.

त्या शेवटच्या रात्री अकुतागावाने मावशीकडे एक हायकू दिला होता, सकाळी डॉक्टरांना द्या म्हणून. हायकू आधी कधीतरी लिहिलेला, त्यावर 'स्वतःची टिंगल' असा मथळा. मिझुबाना या, हाना नो साकी दाके, कुरे नोकोरु. माझ्या मराठीत असा येतो: 'नाक गळतंय / सगळं अंधारलं / शेंडा तेवढा उजेडात'. ज्या नाकाने त्याला लेखक केलं तेच नाक.

वाचायची सुरुवात: जपानी शिकत असाल, एन थ्री (जपानी भाषापरीक्षेची मधली पातळी) झालं असेल, तर 'कुमो नो इतो', कोळ्याचा धागा. 1918 ला 'आकाइ तोरि' या मुलांच्या मासिकाच्या पहिल्याच अंकात आली, भाषा गोष्ट सांगणाऱ्या आजोबांसारखी अदबीची, आणि कॉपीराइट संपल्यामुळे आओझोरा बुन्कोच्या साइटवर फुकट, कठीण कांजीवर, म्हणजे चिनी अक्षरांवर, वाचनखुणांसकट. कान्दाता नावाचा चोर नरकात पडलाय, त्याने आयुष्यात एकदाच एका कोळ्याला न चिरडता सोडलं होतं म्हणून बुद्ध वरून कोळ्याचा एक धागा खाली सोडतात, तो चढायला लागतो, मागून बाकीचे पापीही चढतात, तो ओरडतो की हा धागा माझा आहे, आणि धागा तुटतो. ही गोष्ट मूळची पॉल कारुस या जर्मन-अमेरिकन लेखकाच्या पुस्तकातली, झेनचे अभ्यासक सुझुकींनी जपानीत आणलेली, तिथे शिकवण सरळ सांगितलीय. अकुतागावाने धागा तुटल्यावर काय केलं? बुद्ध थोडे उदास झाले आणि परत फेरफटका मारायला लागले. तळ्यातल्या कमळांना काहीच फरक पडला नाही, त्यांचा वास दरवळतच राहिला. सकाळची दुपार व्हायला आली होती. आपल्याकडे बुद्ध घरातले, त्यामुळे माझे विद्यार्थी इथे फार तळमळीने भांडतात, बुद्धांनी दुसरा धागा का नाही सोडला, ही कसली करुणा. भांडू दे. दरवर्षी भांडतात, दरवर्षी मी ऐकते.

जपानी येत नसेल तर इंग्रजीत जे रुबिन (Jay Rubin) यांचं 2006 चं भाषांतर घ्या, अठरा कथा आहेत, प्रस्तावना कादंबरीकार मुराकामीची. क्रम माझा असा: नाक, राशोमोन, कोळ्याचा धागा, जाळीत, मग थोडं थांबून नरकाचं चित्र, आणि 'हागुरुमा' मन हलकं असेल तेव्हाच.

'राशोमोन' शेवटी ठेवली होती कारण तिच्या शेवटाबद्दल बोलायचं होतं. जपानात हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला जवळजवळ प्रत्येक टेक्स्टबुकात ही असते. मालकाने चार-पाच दिवसांपूर्वी काढून टाकलेला नोकर वेशीखाली पाऊस थांबायची वाट बघतोय, उजव्या गालावर पिकलेली पुळी आहे, उपाशी मरायचं की चोर व्हायचं ते ठरत नाही. भूकंप, वादळ, आग, दुष्काळ, शहरात बुद्धमूर्ती फोडून जळण म्हणून विकतायत, वेशीच्या माळ्यावर बेवारस प्रेतं टाकतात. तिथे तो चढतो तर एक म्हातारी प्रेताचे केस उपटतेय, विग करायला. ती म्हणते ही मेलेली बाई सापाचं मांस सुकवून सुकी मासळी म्हणून विकायची, पोटासाठी करायची, मीही पोटासाठी करतेय, ती मला माफ करील. नोकर म्हणतो मग मी तुझे कपडे हिसकावले तर तूही तक्रार करू नकोस, आणि तिची वस्त्रं ओरबाडून अंधारात पळून जातो. कोन्जाकुतल्या मूळ गोष्टीत हा माणूस आधीपासूनच चोर आहे, चोरी करायलाच शहरात आलाय. अकुतागावाने त्याला न ठरवलेला केला, आणि आपल्याच डोळ्यांसमोर ठरवायला लावलं.

1915 ला छापली तेव्हा शेवटचं वाक्य असं होतं: नोकर एव्हाना पावसातून क्योतोच्या दिशेने दरोडा घालायला लगबगीने निघाला होता. म्हणजे निकाल लागला, तो चोर झाला. तीन वर्षांनी, 1918 च्या पुस्तकात त्याने ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: 'गेनिन नो युकुए वा, दारे मो शिरानाइ.' नोकर कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. एका कथेचं एक वाक्य बदलायला त्याने तीन वर्षं घेतली.

हे भाषांतर मी एका मासिकाला पाठवलं होतं तेव्हा संपादकांनी फोन करून सांगितलं की शेवट अर्धवट वाटतो, वाचकाला कळलं पाहिजे की तो वाईट मार्गाला लागला, एक ओळ वाढवा. मी नाही म्हटलं, कथा परत घेतली. त्याचं वाईट वाटलं, कारण तिथे ती बऱ्याच लोकांनी वाचली असती. पण ती ओळ लेखकाने स्वतःच्या हाताने काढली होती, ती मी परत कशी लावू?

त्या एका वाक्यावर मी अजून समाधानी नाही. 'कुणालाच माहीत नाही' हे अर्थाने बरोबर आहे पण कोरडं आहे, सरकारी कागदासारखं. 'कुठे गेला कुणास ठाऊक' हे जिभेवर येतं, पण त्यात खांदे उडवल्यासारखा हलकेपणा आहे आणि जपानी वाक्यात तो अजिबात नाही, तिथे फक्त काळोख आहे, म्हातारी जिन्याच्या तोंडाशी ओणवी होऊन खाली बघतेय आणि बाहेर नुसती रात्र. सध्याच्या खर्ड्यात असं आहे: 'नोकराचा पुढे ठावठिकाणा कुणालाच लागला नाही.' पण यात कुणीतरी शोधल्यासारखं वाटतं, आणि त्याला तर कुणी शोधलंच नव्हतं. कुणाला चांगलं सुचलं तर नक्की सांगा.